खळ सुकायच्या आत

आमच्या बाबांचा एक समज होता. मागाचा आवाज येतो आहे, म्हणजे पोरगा घरात आहे. खरं तर साऱ्या गल्लीचाच तो समज होता. इतवारीच्या पलीकडची कोष्ट्यांची गल्ली आमची. घराघरात जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला माणूस, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खटखट, खटखट. त्या आवाजाची इतकी सवय झालेली, की चालू असताना तो कानांवर पडत नसे. थांबला की मात्र लगेच कळे. माझ्या धाकट्या भावाचा माग थांबला की मी हातातलं काम टाकायची. आणि त्या हिवाळ्यात तो फार वेळा थांबू लागला होता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. लग्न होऊन सासरी गेले, नवरा विषमज्वराने गेला, आणि पांढऱ्या कपाळाने बापाच्या घरी परत आले, तोवर आईही गेली होती. भाऊ लहान होता. त्याला मी वाढवलं, म्हणजे रागावून वाढवलं. दुसरी रीत मला येत नव्हती. माझ्या नाकावर राग असतो असं शाळेतल्या मुली म्हणत, आणि त्या मुली खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. बाबांची नजर कमी झालेली. किनारीची बारीक नक्षी आता भावालाच विणावी लागे, आणि हात त्याचा असा होता की बाबा नुसतं बोट फिरवून ‘झालं बरोबर’ म्हणत आणि उगाच खाकरत. कौतुक करायची त्यांची तीच पद्धत.

माग थांबला की मी दाराशी जायची. भाऊ दिसायचा नाही. परत आत यायची, चुलीवरचं उतरवायची, पुन्हा दाराशी. शेजारीण म्हणायची, “बाई, तुमच्या पायाले भिंगरी लागली काय वं?” मी पुन्हा आत वळायची. तो कुठे जातो ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तो टालीवर जायचा. आमच्या गल्लीच्या मधोमध, दक्षिण अंगाला एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला, नाल्याच्या काठी, जळाऊ लाकडाची टाल. टालवाला मूळचा विणकराच्याच घरचा, पण मागावर कधी बसला नाही. लाकडं विकणं हे नावाला. तिथे पोरांना चहा मिळे, विडी मिळे, सीताबर्डीला बायोस्कोप बघायला नेत. मग कधीतरी एखादं ‘काम’ निघे. बाजारातल्या कोणा व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याला धाक दाखवायचा असे, कोणाला भाडेकरू हुसकायचा असे, म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत कोणाची सभा उधळायची असे. टालवाला पोरं पुरवी. पोरांना वाटे आपण मोठे झालो.

एका संध्याकाळी भाऊ घरी आला तो सदऱ्याची बाही मुडपून. मी हात धरून बाही सोडली. रक्त.

“हे काय?”

“काई नाई.”

“काई नाई म्हंजे? लागलं कुठी तुले?”

“मले नाई लागलं,” तो म्हणाला. “माहं नाही ते.”

तेव्हा मला इतकी भीती वाटली की रागावणंसुद्धा सुचलं नाही. त्याला लागलं असतं तर मी हळद लावली असती. दुसऱ्याच्या रक्तावर काय लावायचं? सदरा मी मोरीत घासला, घासत राहिले, आणि बाबांना ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की बाजारात एका दुकानाच्या नोकराचा गाल चिरला होता. भावाने चिरला नव्हता, त्याने फक्त त्या नोकराला धरलं होतं. हे ‘फक्त’ त्याचंच.

आता पुढचं सांगण्याआधी गल्लीचं सांगायला हवं. गल्ली लांबलचक आणि सरळ, मधोमध एक कडुलिंब. लिंबाच्या अलीकडे आम्ही कोष्टी, पलीकडे मोमीन. तेही विणकरच. आमचं त्यांचं जमायचं ते पाजणीमुळे. उभे धागे, म्हणजे ताणी, मागावर चढवण्याआधी तिला ज्वारीच्या पिठाची पातळ खळ पाजावी लागते. पहाटे ताणी गल्लीभर पसरायची, कैचीसारख्या बांधलेल्या बांबूंवर, कमरेइतक्या उंचीला. खळ लावायची आणि लांबलचक कुंच्याने ती एका दिशेने ओढत न्यायची. एका बाजूने कुंचा फिरवून भागत नाही. समोरून दुसरा लागतो, आणि दोघांचे हात बरोबर चालावे लागतात. सगळं खळ सुकायच्या आत आटपायचं, नाहीतर धागे एकमेकांना चिकटतात आणि ताणी फुकट जाते. म्हणून आमच्याकडे कोणी गप्पा छाटत उभा राहिला की म्हणत, “खळ सुकून राहिली गा!” पंगतीत वाढायला उशीर झाला तरी तेच, वरात रेंगाळली तरी तेच.

लांब लुगड्यांची ताणी एका अर्ध्या गल्लीत मावत नसे. ती लिंबाखालून पलीकडे जायची. मग आज आमची पसरायची, उद्या त्यांची. कोणी हिशेब ठेवत नव्हतं. ताणी पसरली की तिला ओलांडायचं नाही, हा दोन्हीकडचा नियम. खालून कुत्रं गेलं, रांगतं पोर गेलं तर चालायचं. मोठ्या माणसाने टोकापर्यंत चालत जाऊन वळसा घ्यायचा, मग कितीही घाई असो.

मग गावात हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. आमच्या गल्लीत कोणी कोणावर हात उचलला नाही. पण त्या गोंधळात लिंबाखाली पसरलेली ओली ताणी कोणीतरी कापली. बाबांची ताणी. कोणी कापली ते कधीच कळलं नाही. आमच्याकडचे म्हणत पलीकडच्यांनी, पलीकडचे म्हणत तुमच्याच कोणीतरी, आळ आमच्यावर यावा म्हणून. त्या दिवसापासून लिंब म्हणजे हद्द झाली. आम्ही अर्धी ताणी आधी पाजू लागलो, अर्धी नंतर. तेही तसंच. जोडाच्या जागी खळ जाड बसे आणि लुगड्यावर पट्टा उठे. सुताचा व्यापारी लुगडं उजेडात धरून नाक मुरडी. पण लिंब ओलांडून जायला कोणी तयार नव्हतं. मुलांनाही सक्त ताकीद: लिंबाखाली बसायचं नाही.

बाजारातल्या त्या प्रकारानंतर गल्लीला जाग आली. पोरं वाया चालली, काहीतरी केलं पाहिजे, असं सगळे म्हणू लागले आणि आपल्याकडे काहीतरी करणं म्हणजे आधी सभा भरवणं. मुलांच्या शाळेचे हेडमास्तर अध्यक्ष. आखाड्याचे वस्ताद आले, व्यापारी आला, चौकीचा हवालदार पट्टा आवळून आला. पलीकडच्यांना बोलावणं धाडायचं कोणालाच सुचलं नाही. सतरंजीवर पुढच्या ओळीत कोण बसलं असेल? टालवाला. स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं. ‘तरुणांनी कुसंगत टाळावी’ असा ठराव हेडमास्तरांनी वाचला, तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या त्याच्या. सभा संपल्यावर पानाचं तबकही त्याच्याकडूनच आलं, आणि आमच्या ज्येष्ठ मंडळींनी ती पानं खाल्ली. तबक घेऊन फिरत होता तो माझा भाऊ.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठून तिथल्या तिथे बोलावं असं वाटत होतं, पण लाज आडवी आली. घरी मात्र तोंडाचा पट्टा सुटला.

“काहून जातो गा तू तिथी? काय ठेवलं आहे त्या टालीत? चहा घरी मियत नाही तुले?”

मी पुन्हा पुन्हा तेच. शेवटी तो उसळला.

“तिथी तो येते, बाई! दुसरीकडं कुठी भेटू मी त्याले? लिंबाखाली? तुमी बसू देता काय लिंबाखाली?”

‘तो’ कोण ते विचारायची गरज नव्हती. पलीकडच्या अर्ध्या गल्लीत एक वयस्क विणकर होते, त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. त्यांचा धाकटा मुलगा आणि माझा भाऊ एकाच वयाचे. दोघांनी मिळून पतंग उडवले, एकाच मास्तराच्या छड्या खाल्ल्या, पाजणीला समोरासमोर उभे राहून एकमेकांवर खळ उडवली. दंगलीनंतर आम्ही मोठ्यांनी त्यांना दोन बाजूंना ओढलं. साऱ्या वस्तीत आता एकच जागा अशी उरली होती, जिथे कोष्ट्यांची आणि मोमिनांची पोरं एका बाजेवर बसून चहा पीत. ती जागा म्हणजे टाल. टालवाला कोणाला जात विचारत नव्हता. त्याला हात हवे होते, कोणाचे का असेनात.

मला त्या रात्री बाबांचा राग आला, हेडमास्तरांचा राग आला, आणि सर्वांत जास्त त्या टालवाल्याचा, कारण आम्ही करायला हवं ते तो करत होता. भाऊ झोपला होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. ओठांवर नुकती कुठे मिसरूड. हा माझ्या हातून जाणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता सरळ लिंबाच्या पलीकडे गेले. माग एकेक करून थांबत गेले. मी चालले तशी शांतता माझ्याबरोबर चालली. चाचांच्या दाराशी उभी राहिले, पण काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

“अंदर आ बेटी,” चाचा खड्ड्यातूनच म्हणाले. “बाहर कायको खडी?”

आत बाजेवर बसले. त्यांच्या बायकोने पाण्याचा पेला आणला, आणि मी पिते की नाही ते बघत त्या उभ्या राहिल्या. मी प्यायले. मग त्यांनी पदराने डोळे पुसले. “हमारा बी वहींच जाता,” त्या म्हणाल्या. “रोज उसकी राह देखती मैं.” त्याही दाराशी आणि आत, दाराशी आणि आत करत असणार, हे मला त्यांच्या पायांकडे बघून कळलं. दोन बायका एका गल्लीच्या दोन टोकांना तेच करत होत्या.

चाचा मात्र भलतंच बोलत बसले. खळीचं, सुताचं, जोडाच्या पट्ट्याचं. व्यापाऱ्याने आज लुगडं तोंडावर फेकलं म्हणून. बाबांचं रोज हेच गाऱ्हाणं. मी आधीच तापलेली.

“मग पसरा ना पुन्हा पूर्ण ताणी!” मी म्हटलं. “तिकडं बाबा रडून राहिले, इकडं तुमी. पट्टा बी जाईल आणि पोरं बी कामाले लागतील!”

चाचांनी धोटा खाली ठेवला. “पसरेगा कौन? हम बुढ्ढों की कमर गई.”

“पोरं पसरतील. तुमचा आणि आमचा. पहाटे.”

ते खड्ड्यातून उठून बाजेजवळ आले. मग म्हणाले, “तेरा बाप मानेगा?”

बाप कसला मानतो! बाबांनी ऐकलं आणि मागावरून उठून गेले. परत आले ते ओरडतच. “ज्याईनं ताणी कापली, त्याईच्या हाती कुंचा देऊ मी? डोकं फिरलं काय तुहं?” मी म्हटलं, त्यांनीच कापली हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी जेवण टाकलं. मीही टाकलं. भाऊ एकटाच जेवला आणि टालीवर गेला.

दोन्ही घरं अशी अडून बसलेली असताना एका सकाळी चाचा आमच्या दाराशी आले. हातात त्यांचा कुंचा. विणकर सगळं उसनं देईल, कुंचा देणार नाही. तो बापाकडून मुलाकडे जातो, हाताच्या वळणाने घडत जातो. दुसऱ्याच्या हातात गेला की बिघडला म्हणतात. चाचांनी तो आमच्या ओट्यावर ठेवला आणि बाबांना म्हणाले, “भाऊ, हे तुह्या पोरासाठी. माह्या पोराले तुहा दे.” मराठी बोलले ते. बाबांना कुंचा नीट दिसत नव्हता. त्यांनी तो उचलून हाताने चाचपला, केस चाचपले, मुठीजवळ झिजलेली जागा चाचपली. मग खाकरले. आत गेले आणि आपला कुंचा घेऊन आले.

पुढे ज्याला हेडमास्तर मोठ्या ऐटीत ‘उभय मोहल्ल्यांची सहकार्य समिती’ म्हणू लागले, ती अशी निघाली. सभा झाली ती लिंबाखाली, सतरंजीशिवाय, आणि टालवाल्याला यावेळी सांगितलं नव्हतं. व्यापाऱ्याने पूर्ण ताणीचं काम दोन्ही बाजूंना सारखं द्यायचं कबूल केलं. त्याला पट्टा नसलेलं लुगडं हवं होतं, पुण्य नको होतं. वस्तादांनी आखाड्यातली पोरं पहाटे पाजणीला धाडायची. हवालदाराने पोरांना उगाच चौकीवर नेऊन दमात घ्यायचं नाही, त्याने पोरं जास्तच टालीकडे वळतात. हे त्याला मी ऐकवलं आणि त्याने ते ऐकून घेतलं, कारण त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. आमची पोरं ताणीच्या उत्तरेला उभी राहतील, त्यांची दक्षिणेला. पाजणी झाली की लिंबाखाली बसून सगळ्यांनी फुटाणे आणि गूळ खायचा. कोणाच्या घरचं अन्न कोणी खायचं यावर भांडण होण्याआधीच वस्ताद म्हणाले, “भडभुंज्याकडून आनू गा, बाप्पा!” आणि तो प्रश्न मिटला.

पहिल्या पहाटे मी लिंबाजवळ शाल पांघरून उभी होते. भाऊ येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तो आला. समोरून चाचांचा धाकटा आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. हाती एकमेकांच्या बापाचे कुंचे. पहिले काही हात चुकले, एकाचा पुढे, एकाचा मागे. मग चाचांच्या मुलाने मुद्दाम कुंचा झटकला आणि भावाच्या तोंडावर खळ उडाली. आमचे म्हातारे ‘अरे, अरे’ करू लागले, पण दोघं हसत सुटले होते. मला त्या हसण्याने रडू आलं. मी शालीत तोंड लपवलं आणि शाळेला उशीर होतो आहे असं कोणी न विचारता सगळ्यांना सांगत सुटले.

पण म्हणून माझं मन स्वस्थ झालं असं समजू नका. पहाट पाजणीत जाई, दिवस मागावर; संध्याकाळ मोकळीच होती, आणि टाल जागच्या जागी होती. काही पोरं तिकडची सुटली, काही सुटली नाहीत, काही दोन्हीकडे होती. टालवाला बोळाच्या तोंडाशी उभा राहून पाजणी बघे. भाऊ संध्याकाळी घरी आला नाही की मी पुन्हा दाराशी आणि आत. पहाटे तो उठेपर्यंत अंथरुणात जागी. तो उठला, चूळ भरली, कुंचा घेतला, की मग मला श्वास घेता येई. रोज हीच कसरत.

चैत्र लागला. ऊन लवकर चढू लागलं, म्हणून पाजणी आणखी पहाटे सुरू होई. त्या दिवशी बाबांची लांब ताणी पसरलेली. खळ लावून झाली. उत्तरेला आमची पोरं उभी राहिली, दक्षिणेला त्यांची, आणि माझ्या भावासमोरची जागा रिकामी. बाबांचा कुंचा तिथेच बांबूला टेकवून ठेवलेला, पण चाचांचा मुलगा नव्हता. चाचा बोळाकडे बघत होते. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. आदल्या संध्याकाळपासून तो घरी आला नव्हता, हे मला त्यांच्या बायकोने नुसत्या मानेने सांगितलं.

तेवढ्यात टालवाला बोळातून बाहेर आला. ताणीच्या पलीकडे, दक्षिणेला, उभा राहिला. आवाज चढवला नाही.

“येतो का गा? तुहा दोस्त कवाचा गेला पुढं. वाट पाहून राहिला तुही.”

भावाच्या हातातला कुंचा थांबला. मला त्याचा चेहरा दिसत होता. तो दोस्त एकटा आहे, एवढंच त्याच्या डोक्यात चाललं होतं. भीती त्याला कधी नव्हतीच. दोस्ती होती, आणि टालवाल्याने नेमकी तिलाच साद घातली होती.

“ए!” मी ओरडले. साऱ्या गल्लीसमोर ओरडले. “खळ सुकून राहिली, दिसत नाही काय तुले? चालता हो इथून!”

टालवाला हसला. “मास्तरीणबाई, मी तुमच्या ताणीले हात बी लावला नाही.” आणि खरंच, तो ताणीपासून चार हात दूर उभा होता. विणकराचा मुलगा होता.

भावाने हातातला कुंचा खाली ठेवला. मग तो वाकला आणि ताणीखालून पलीकडे गेला. मोठ्या माणसाने कधी करू नये ते त्याने केलं. बाबांना दिसलं नाही, पण शेजाऱ्याने सांगितलं असावं, कारण ते मटकन ओट्यावर बसले. मी जागची हलले नाही. गेला, एवढंच मनात आलं. भाऊ पलीकडे उभा राहिला, टालवाल्याच्या अगदी जवळ. त्याने त्याच्याकडे पाहिलं. मग वळला आणि बांबूला टेकवलेला बाबांचा कुंचा उचलला. दोस्ताच्या जागी उभा राहिला. ताणीकडे तोंड, टालवाल्याकडे पाठ.

“समोर कोनी तरी उभे राहा ना गा,” तो म्हणाला. त्याने कुंचा ताणीवर टेकवला.

त्याच्या सुटलेल्या जागी चाचा जाऊन उभे राहिले. आपलाच कुंचा उचलला आणि त्यांनी हात चालू केला. म्हाताऱ्याचा हात आणि पोराचा हात, बरोबर चालू लागले. टालवाला थोडा वेळ होता. कधी गेला ते मी पाहिलं नाही, कारण त्यानंतर मी फक्त भावाच्या हाताकडे बघत होते. त्या ताणीच्या लुगड्यावर एकही पट्टा उठला नाही.

चाचांचा मुलगा दुपारी पकडला गेला. कापसाच्या एका गोदामावर टोळी गेली होती, रखवालदार जबर जखमी झाला. बाकीचे पळाले, त्याला पळता आलं नाही. हवालदाराने जमेल तेवढं केलं, हेडमास्तरांनी चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला, आमचे बाबा नवी टोपी घालून कोर्टात साक्षीला गेले आणि म्हणाले, हा माझ्या घरचा पोरगा आहे. उपयोग झाला नाही. सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्याच्या आईने त्यानंतर दाराशी येणं सोडलं. तिच्या मुलाची वाट बघणंही मग माझ्या वाट्याला आलं. माझा भाऊ वाचला होता, त्याचा आनंद मला धड करता येईना. दोन घरांनी वाट पाहिली होती, आणि मुलगा एकाच घरी आला होता.

पाजणी मात्र थांबली नाही. थांबली असती तर गल्ली पुन्हा लिंबापाशी तुटली असती, हे आता सगळ्यांना कळत होतं. दोन्हीकडची लहान पोरं मोठी होऊन ताणीवर उभी राहू लागली. टालीवर जाणारी कमी झाली, संपली नाहीत. आणि माझा भाऊ त्या दिवसापासून आमच्या बाजूला कधी उभा राहिला नाही. तो दक्षिणेलाच उभा राही, बाबांचा कुंचा घेऊन. समोर चाचा. लोक म्हणत, आता ये ना गा इकडे, नियम आहे. तो म्हणे, “हे जागा त्याची आहे. रिकामी ठेवली तर दुसरं कोनी येऊन उभं राहीन.” दुसरं कोणी म्हणजे कोण, हे त्याने बोळाकडे न बघता सांगितलं होतं. त्याचं लग्न झालं, बाबा गेले, मलेरियाने तो महिनाभर अंथरुणाला खिळला आणि उठल्यावर पहिल्यांदा तिथेच जाऊन उभा राहिला. चाचा मुलाचं नाव तोंडातून काढत नसत.

मग एका पहाटे, खळ लावून नुकतंच काम सुरू झालं होतं, लिंबाजवळ एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याचे केस बारीक कापलेले, अंगाने वाळलेला. मी शाल सावरत पुढे झाले आणि ओळखल्यावर जागीच थांबले. तो पुढे येईना. दक्षिणेच्या बाजूला, बोळाच्या तोंडाशी, टालवाला उभा राहायचा त्याच जागी तो उभा होता आणि बहुतेक त्यालाही ते जाणवत होतं. कुंचे थांबले. सगळे चाचांकडे बघत होते, आणि चाचा ताणीकडे.

भावाने त्याच्याकडे पाहिलं. बाबांचा कुंचा होता तसा बांबूला टेकवला, वाकला, आणि ताणीखालून आमच्या बाजूला आला. चाचांनी सरकून त्याला जागा दिली आणि आपला कुंचा त्याच्या हातात दिला. पलीकडची जागा रिकामी राहिली.

मला तो क्षण सहन होत नव्हता. येतो की वळतो, येतो की वळतो. ओरडावंसं वाटत होतं. शेवटी तो आला. कुंचा उचलला, मूठ आवळली, आणि हात चालवला. हात बिघडला होता. पहिलाच फटका तिरका गेला, धागे विसकटले, आणि तो तसाच खाली मान घालून उभा राहिला.

तेव्हा चाचा बोलले. इतक्या वर्षांत मुलाशी बोललेलं ते पहिलंच.

“खळ सुकून राहिली,” ते म्हणाले. “हात चालव.”